विश्लेषण : लांबच्या सफरीसाठी पहिली सायकल घेताना शॉकॲब्सॉर्बरपेक्षा गिअरचे दाते का मोजावेत?

पाऊस ओसरून दिवाळी तोंडावर आली, की कोकणच्या सागरी मार्गावर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या सायकली दिसू लागतात. मुरुड, दिवेआगर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे अशा मुक्कामांची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात आणि ती पाहणाऱ्या कित्येकांना वाटते, आपणही एकदा असे निघावे. मग प्रश्न येतो सायकलचा. हाताशी पंधरा-वीस हजार रुपये, कॉलेज सुटल्यापासून सायकलशी संबंध नाही आणि दुकानात गेले की चाळीस प्रकार समोर उभे. अशा वेळी बहुतेक जण जी सायकल उचलतात, ती सफरीसाठी जवळपास सर्वात गैरसोयीची असते. वर्षभराने ती जिन्याखाली धूळ खात पडते आणि दोष चालवणाऱ्याच्या ‘स्टॅमिना’ला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो दोष पुढच्या चकतीच्या दहा-पंधरा जास्तीच्या दात्यांचा असतो.

पहिली सफर नेमकी कशी असते?

पहिली गल्लत इथेच होते. डोळ्यांसमोर मनाली ते लेहचा रस्ता असतो आणि सायकल त्या स्वप्नासाठी शोधली जाते. प्रत्यक्षातली पहिली सफर दोन ते चार दिवसांची, रोज पन्नास-साठ किलोमीटरची, बहुतांश डांबरी रस्त्याची असते. रात्री घरगुती निवासात मुक्काम आणि जेवण खाणावळीत. तंबू नाही, स्टोव्ह नाही. दोन जोड कपडे, एक शाल, औषधे, चार्जर, ट्यूब आणि थोडी हत्यारे मिळून सामान सहा ते आठ किलोंच्या पुढे जात नाही.

यात कोकणचा किनारा नवख्यांचा लाडका, कारण मुक्कामाची सोय थोड्या थोड्या अंतरावर आहे आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या ट्रकांपासून सुटका होते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात आणि बोटीत सायकल सहज चढते. नकाशावर हा रस्ता समुद्राला धरून सपाट गेलेला दिसतो. तसे मुळीच नाही. तो प्रत्येक खाडीपाशी उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचाच, पण खडा, आणि दिवसातून चार-पाच वेळा. कोकणात सायकल सोडून टेम्पो शोधणारे लोक अंतराने थकलेले नसतात, या चढ-उतारांनी थकलेले असतात.

तेव्हा पहिल्या सायकलकडून अपेक्षा मोजक्याच. सामानासह चढ चढवणारा हलका गिअर हवा, कॅरिअर घट्ट बसायला जागा हवी, पाच-सहा तास बसता येईल असे माप हवे आणि बिघडली तर तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला ती दुरुस्त करता यायला हवी. आकर्षक रंग, जाड नळ्या, हँडलवरचा मोबाइल स्टँड यांचा या यादीशी संबंध नाही.

दुकानात सर्वात पुढे ठेवलेली सायकल का टाळावी?

साधारण आठ ते पंधरा हजारांच्या दरम्यान मिळणाऱ्या ‘गिअर सायकली’ बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, काहींना मागेही, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअरचा स्टिकर. डोंगरी सायकलचे हे रूप मोटारसायकलसारखे दिसते म्हणून खपते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण या सायकलींइतकी चपखल क्वचितच कुठे बसेल.

उत्पादकाला ठरलेल्या किमतीत शॉकॲब्सॉर्बर आणि डिस्क द्यायचे असतील तर पैसे कुठून तरी वाचवावे लागतात. ते वाचतात चाकांचे हब, बेअरिंग, पायडल बसते तो बीबीचा भाग आणि ब्रेकची केबल या न दिसणाऱ्या जागी. ग्राहक या गोष्टी पाहत नाही, पण सफरीत तिसऱ्या दिवशी कुरकुरतात त्या याच.

स्वस्त शॉकॲब्सॉर्बरचा उपयोग किती? आत एक स्प्रिंग असते, तिला आवर घालणारी यंत्रणा नसते. खड्ड्यात ती दबते आणि उसळते. चढावर उभे राहून पायडल मारले की पायाचा जोर रस्त्याला लागण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. शिवाय साध्या चिमट्यापेक्षा हा प्रकार दीड-दोन किलोंनी जड, आणि त्याला पुढचे कॅरिअर बसवणे अवघड. मागच्या शॉकॲब्सॉर्बरची सायकल तर सफरीसाठी बादच धरावी, कारण तिला मागचे कॅरिअरही नीट बसत नाही. सहा-आठ किलो पाठीवर सॅकमध्ये घेऊन दोन तास सायकल चालवली, की खांदे आणि कंबर कॅरिअरचे महत्त्व आपोआप सांगतात.

डिस्क ब्रेकबाबत थोडे सबुरीने बोलायला हवे. चांगले डिस्क ब्रेक पावसात आणि चिखलात रिमवरच्या ब्रेकपेक्षा सरस असतात, यात वाद नाही. पण या किमतीतले केबलचे डिस्क ब्रेक वारंवार घासतात, त्यांचे पॅड कंपनीगणिक वेगळ्या आकाराचे असतात आणि गुहागरच्या सायकल दुकानात नेमका तोच आकार मिळण्याची शाश्वती नाही. रिमला दोन बाजूंनी पकडणाऱ्या साध्या व्ही-ब्रेकचे रबर बहुतेक ठिकाणी मिळते आणि पाना फिरवून दहा मिनिटांत बदलता येते. पंधरा-वीस हजारांच्या सायकलीत व्ही-ब्रेक असणे ही उणीव समजण्याचे कारण नाही.

दाते मोजायचे म्हणजे काय?

नवख्याने दुकानात शिरताना एवढे एकच लक्षात ठेवले तरी अर्धी चूक टळेल. गिअर किती आहेत हा प्रश्नच चुकीचा आहे. २१ गिअरची सायकल ८ गिअरच्या सायकलीपेक्षा चढाला कठीण असू शकते. विचारायचे ते असे : पुढच्या सर्वात लहान चकतीला दाते किती आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीला किती?

पुढची संख्या मागच्या संख्येने भागली, की पायडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरते ते कळते. पुढे ४२ आणि मागे २८ दाते असतील तर चाक दीड फेरी फिरते. ७०० सी चाकाचा परीघ टायरसह सुमारे २.२ मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल साधारण सव्वातीन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर ताशी वेग बारा किलोमीटरच्या जवळ ठेवावाच लागतो. सपाटीला हे काहीच नाही. पण सात टक्क्यांच्या चढावर, म्हणजे दर किलोमीटरला ७० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो ओढत हा वेग राखायला सव्वादोनशे वॉटहून अधिक शक्ती लागते. तंदुरुस्त पण सराव नसलेल्या माणसाचे पाय तासभर शंभर ते दीडशे वॉट देतात. उरलेले वॉट कुठून आणायचे? ते येत नाहीत. पायडल मंदावते, मिनिटाला तीस-पस्तीस फेऱ्यांवर येते, प्रत्येक फेरीत गुडघ्यावर वाजवीपेक्षा जास्त दाब पडतो आणि संध्याकाळी मुक्कामाच्या पायऱ्या उतरताना वाटीमागे कळ येते.

आता हाच चढ वेगळ्या दात्यांनी पाहावा. बऱ्याच साध्या डोंगरी सायकलींना पुढे ४२-३४-२४ अशा तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील असते. पुढे २४ आणि मागे २८ लावले, की पायडलच्या एका फेरीत २६ इंची चाकाची सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी सहा किलोमीटरच्या थोडा वर आणि शक्ती लागते सुमारे १२० वॉट. हे काम कुणाचेही पाय करतात. वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त आहे, हे खरे. पण सफरीत चढ संपवायचा असतो, जिंकायचा नसतो.

यावरून एक सोपी कसोटी निघते. पुढची सर्वात लहान चकती मागच्या सर्वात मोठ्या चकतीइतकी किंवा तिच्याहून लहान असावी. पुढे २८ आणि मागे २८ चालेल. पुढे २८ आणि मागे ३४ उत्तम. वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या शर्यतीच्या धाटणीच्या सायकलींना बहुधा पुढे ५० व ३४ आणि मागे २८ पर्यंत दाते असतात. ३४ ला २८ म्हणजे कसोटीत नापास. ती सायकल वाईट नाही, पण सामान घेऊन आंबोली चढायला नवख्याने ती घेऊ नये.

मनात भरलेली सायकल थोडक्यात नापास होत असेल तर उपायही आहे. सात चकत्यांचे १४ ते २८ चे फ्रीव्हील काढून १४ ते ३४ चे बसवता येते. हा बदल शेकड्यांतल्या खर्चाचा आहे, हजारांतला नाही. मात्र मागच्या डिरेलरला ३४ दाते झेपतात का, आणि चेनची लांबी वाढवावी लागेल का, हे मिस्त्रीकडून आधी तपासून घ्यावे. पुढे एकच चकती असलेल्या नव्या सायकलीही हल्ली मिळतात. त्या सांभाळायला सोप्या आहेत. तिथेही हिशोब तोच, पुढे ३६ असेल तर मागे निदान ३६ हवेत.

‘मग पूर्वी लोक बिनगिअरच्या सायकलवर जग फिरले ते कसे?’

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर निघाले आणि सुमारे ७१ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ मध्ये मुंबईत परतले. आजच्या पंधरा हजारांच्या सायकलीत जे मिळते त्यातले फारसे काही त्यांच्याकडे नव्हते. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये एकट्या सायकलने भारतात आल्या, त्यांनी तर सायकलला असलेले गिअर निघण्यापूर्वी काढून टाकले होते. आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, असा त्यांचा हिशोब होता. त्या काळाच्या मानाने तो बरोबर होता.

पण ही माणसे चढावर उतरून सायकल ढकलत आणि त्यांच्याकडे महिने, वर्षे होती. शुक्रवारी रात्री निघून मंगळवारी कामावर हजर व्हायचे असेल तर गणित बदलते. त्यांच्या प्रवासातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. सायकल अशी असावी की रस्त्यावर भेटणारा कुणीही ती दुरुस्त करू शकेल. गिअर काढून टाकण्यामागचे तर्कशास्त्र तेच होते, आणि आज सात चकत्यांचे साधे फ्रीव्हील घेण्यामागचेही तेच आहे. १२ चकत्यांची नाजूक चेन तुटली तर दापोलीत अडचण होईल, सात चकत्यांची चेन जोडणारा माणूस भेटेल.

जाता जाता, घरात जुनी काळी घोडा सायकल धूळ खात असेल तर तिलाही कमी लेखू नये. अलिबाग ते मुरुड एवढी पहिली सफर तिच्यावरही होते. कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, घंटी आणि चेनकव्हर या पाचही गोष्टी तिला आधीच असतात. महागड्या सायकलींना त्या एकेक करून विकत घ्याव्या लागतात.

वजनाचे काय? पोलाद की ॲल्युमिनियम?

या वादावर नवखे लोक गरजेपेक्षा फार वेळ घालवतात. या किमतीत दोन्हींतली चांगली सायकल मिळू शकते. पोलादी सांगाडा तुटला तर गॅरेजमध्ये जोडता येतो, ॲल्युमिनियमला ते सहजी जमत नाही, पण ॲल्युमिनियम गंजत नाही आणि खाऱ्या वाऱ्यात तोही गुण आहे. १३ किलोंच्या सायकलऐवजी ११ किलोंची घेण्यासाठी सात-आठ हजार जास्त मोजणाऱ्याने एकूण ९० किलोंत ते दोन किलो किती भरतात, याचा विचार करावा. सव्वादोन टक्के. तेवढे वजन सामानातली जीन्स आणि जास्तीचे बूट घरी ठेवून कमी होते, फुकटात.

चाके आणि टायर : घरंगळणारे की घासणारे?

दाते मोजून झाले की नजर चाकांकडे वळवावी. टायरवर खोल, चौकोनी गुटख्या असतील तर त्या चिखलासाठी आहेत. डांबरावर त्या गुरगुरतात आणि दिवसभरात बरीच ताकद खातात. सफरीसाठी मधोमध जवळपास सपाट असलेला, ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर योग्य. २६ इंची चाक असेल तर दीड ते पावणेदोन इंच रुंद. नव्या सायकलचे गुटखी टायर बदलून असे टायर घालणे हा सर्वात स्वस्त ‘अपग्रेड’ म्हणता येईल. खराब पॅचमध्ये शॉकॲब्सॉर्बरचे बरेचसे कामही योग्य हवा भरलेला रुंद टायरच करतो.

चाकाचा आकार निवडताना मोह टाळून बाजार पाहावा. २६ इंची टायर-ट्यूब लहान गावांतही मिळतात, कारण कितीतरी शाळकरी मुलांच्या सायकली त्या मापाच्या आहेत. ७०० सी चाक डांबरावर जास्त मोकळे पळते, मात्र त्याचा टायर लहान गावात मिळेलच असे नाही, म्हणून दोन ट्यूब आणि टायरच्या फाटलेल्या जागी आतून लावायला जाड पट्टीचा तुकडा जवळ ठेवावा. ट्यूब घेताना व्हॉल्वही पाहावा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेल्या व्हॉल्वला पितळी अडॅप्टर लागते. ते सुपारीएवढे असते आणि नेमके गरजेच्या वेळी हरवते, म्हणून दोन घ्यावेत.

मागच्या चाकाबद्दल एक इशारा द्यायला हवा. पिशव्यांचे वजन त्यावरच येते आणि स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाच्या गिअरच्या बाजूचा. चाकाला ३६ स्पोक असतील तर उत्तम, ३२ चालतील. चोवीस-वीस स्पोकची देखणी चाके सामानासाठी नाहीत. नवी सायकल घेतली की पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर दोन्ही चाकांचे स्पोक एकदा ताणून ‘आउट’ काढून घ्यावा. कारखान्यातून आलेली स्वस्त चाके क्वचितच नीट ताणलेली असतात आणि हे काम हाताने करणारा मिस्त्री त्यांना दुसरा जन्म देतो. चालवणारा स्वतः नव्वद-शंभर किलोंचा असेल तर फ्रीव्हीलऐवजी कॅसेट प्रकारचा हब पाहावा, साधारण आठ चकत्यांपासून पुढे तो मिळतो. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग बरेच आत असते, त्यामुळे जड वजनाखाली आस वाकण्याची शक्यता जास्त.

माप चुकले तर?

सायकल चांगली, दाते बरोबर आणि माप चुकीचे, तर सगळे फुकट. दुर्दैवाने कमी किमतीच्या बऱ्याच सायकली एकाच मापात येतात आणि ते माप सरासरी उंचीच्या पुरुषाचे असते. पाच फूट, पाच फूट एक इंच उंचीच्या स्त्रियांना हे सर्वाधिक भोगावे लागते. ‘सीट खाली करून देतो’ हे उत्तर दुकानदार सहज देतो. सीट खाली गेली तरी हँडलपर्यंतचे अंतर कमी होत नाही. दोन तासांनी मान आणि मनगटे भरून येतात आणि बाईंना सायकल जमत नाही असा निष्कर्ष काढला जातो. दोन मापांत मिळणारे मॉडेल मिळेपर्यंत थांबणे, हाच यावर प्रामाणिक सल्ला.

तपासणी सोपी आहे. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर वरची नळी आणि जांघ यांत दोन-तीन बोटे तरी जागा हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वात खाली नेले, तर गुडघा सरळ व्हावा. मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. बहुतेक नवखे सीट फार खाली ठेवतात, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकण्याची सवय असते. गुडघेदुखीचे ते दुसरे कारण. सीट मात्र फार मऊ नको. रुंद, जेलची गादी पहिला तासभर गोड वाटते आणि नंतर तिथेच कातडी घासते. थोडी कडक सीट आणि पॅड असलेली चड्डी ही जोडी दिवसभर निभावते.

जुनी सायकल घ्यावी का?

घ्यावी, आणि शक्यतो हाच पर्याय आधी तपासावा. हौसेने घेऊन महिनाभरात सोडून दिलेल्या सायकलींची शहरांत कमतरता नाही. टाळेबंदीच्या काळातही अशा बऱ्याच सायकली घेतल्या गेल्या होत्या. पंचवीस-तीस हजारांची चांगली हायब्रिड सायकल पंधरांत मिळत असेल, तर नव्या पंधरा हजारांच्या सायकलशी तिची तुलनाच नाही.

जाताना खिशात फूटपट्टी असावी. चेनचे बारा पूर्ण दुवे, म्हणजे एका पिनेपासून चोविसाव्या जोडापर्यंतचे अंतर, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरते. ते सोळांश इंचाने वाढले असेल तर चेन बदलायची वेळ झाली. अष्टमांश इंचाने वाढले असेल तर चेनबरोबर मागच्या चकत्याही झिजल्या आहेत असे समजून तेवढे पैसे किमतीतून कापून मागावेत. चाक उचलून फिरवावे, ते ब्रेकजवळ डावी-उजवीकडे डुलते का ते पाहावे. पायडलचे दांडे हाताने बाजूला हलवून बीबीत खुळखुळ आहे का ते तपासावे. सांगाड्याच्या जोडांजवळ रंग तडकला असेल तर तिथून नमस्कार करून निघावे. मूळ बिल आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का हेही पाहावे. चोरीची सायकल स्वस्तच मिळते.

वीस हजार असतील तर ते कसे वाटावेत?

सगळेच्या सगळे सायकलवर उधळू नयेत. चौदा-पंधरा हजारांची सायकल आणि उरलेल्या पैशांत तिला सफरीलायक करणे, हा हिशोब वीस हजारांच्या सायकलपेक्षा बहुधा चांगला ठरतो. हेल्मेट, मागचा लाल दिवा, कुलूप, मजबूत कॅरिअर, मडगार्ड, दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, षटकोनी पान्यांचा संच आणि पॅडची चड्डी यांतच चार-पाच हजार जातात. पिशव्या महागड्या जलरोधकच हव्यात असे नाही. दोन मजबूत पिशव्या, आत जाड प्लास्टिक आणि वरून रबरी पट्टे, एवढ्यावर पहिली सफर निभावते. उलट अकरा हजारांच्या भडक सायकलवर दहा हजारांच्या पिशव्या आणि जीपीएस घड्याळ चढवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सायकलींवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा फायदा ग्राहकापर्यंत पूर्ण पोहोचला तर वीस हजारांच्या सायकलवर सुमारे साडेबाराशे रुपये वाचतात. दुकानदार बहुधा तेवढ्यात ‘अजून थोडे घालून डिस्कवाली घ्या’ म्हणेल. त्या पैशांचे कॅरिअर घ्यावे.

लाख-दीड लाखांच्या खऱ्या टूरिंग सायकली कधी घ्याव्यात? तीन-चार सफरी होऊन, आपल्याला नेमके काय खुपते हे कळल्यावर. कुणाला वाकडे हँडल हवेसे वाटते, कुणाला मोठे टायर, कुणाला कळते की आपल्याला सायकलपेक्षा चालणेच आवडते. ते कळायला पंधरा हजार पुरतात.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

नवी सायकल घेऊन थेट चार दिवसांवर जाऊ नये. आधी सगळे सामान बांधून घराजवळचा एखादा चढ निवडावा. पुणेकराला सिंहगडाचा पायथा, मुंबईकराला येऊरचा रस्ता, कोल्हापूरकराला जोतिबाचा डोंगर. चढताना सर्वात हलक्या गिअरवर बसून शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर आधी सामान कमी करावे आणि तरीही जमत नसेल तर फ्रीव्हील बदलावे. उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून धरू नयेत, थांबून थांबून लावावेत आणि खाली आल्यावर रबर रिमवर नीट बसते आहे का ते पाहावे. कॅरिअरचे स्क्रू त्याच दिवशी सैल होतात, ते पुन्हा आवळावेत. आणि घरी परतल्यावर मागचे चाक काढून, ट्यूब बाहेर काढून, परत बसवून पाहावे. पंक्चर होते ते बहुधा मागचे चाक, आणि तवसाळची शेवटची बोट पंक्चर निघेपर्यंत थांबत नाही.